किल्लारीचा चौकोन : देशाच्या भूकंप हॅझर्ड नकाशाच्या कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२३

परवा किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं झाली. सास्तूरच्या मामांना फोन केला, ते म्हणाले स्मारकावर जाऊन आलो, आणि मग पाऊस आणि सोयाबीन यावर बोलत राहिले. मी तेव्हा सात वर्षांची होते, आम्ही औशाला राहायचो, गणपती विसर्जनाची रात्र म्हणून सगळे उशिरा झोपलेले आणि पहाटे तीन छप्पन्नला आईनं दंडाला धरून अंगणात ओढलं एवढंच मला आठवतं. मामांचं घर दोन-दोन फूट जाड भिंतींचं, काळा दगड मातीत रचलेला, वर माळवद. त्या घरातली चार माणसं गेली. नवीन प्रोजेक्टची वही आज उघडली म्हणून हे सगळ्यात आधी लिहून ठेवतेय.

काम असं आहे की पूर्ण भारताचा प्रोबॅबिलिस्टिक हॅझर्ड नकाशा करायचा, म्हणजे कुठल्या ठिकाणी जमीन किती जोरात हादरू शकते आणि त्याची शक्यता किती. आम्ही तिघं, सर, तेजस आणि मी. गणित करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, ओपनक्वेक, कारण ते ओपन सोर्स आहे आणि पायथनमध्ये असल्यामुळे आत डोकावता येतं. ग्रिड ०.२ अंशाचा, देशभरात सात हजारांच्या आसपास पॉइंट होतात. दोन नकाशे काढायचे, ५० वर्षांत १० टक्के आणि ५० वर्षांत २ टक्के. पहिल्याचा रिटर्न पिरियड, म्हणजे तेवढा हादरा सरासरी किती वर्षांतून एकदा, ४७५ वर्षं म्हणतात ते कुठून येतं ते तेजसनं विचारलं, तर ५० ला ०.९ च्या नॅचरल लॉगनं भागायचं आणि वजाचं चिन्ह सोडायचं, ४७४.६ येतात, बाकी त्यात काही गूढ नाही. दुसऱ्याचा तसाच २४७५ येतो.

माझा स्वतःचा एक हट्ट वहीत नोंदवून ठेवते. किल्लारी ज्या चौकोनात पडतं त्या चौकोनाचा आकडा मी प्रत्येक टप्प्यावर वेगळा काढून बघणार. १९९३ ला जो आयएस १८९३ चा, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय कोडचा, नकाशा लागू होता, १९८४ च्या आवृत्तीचा, त्यात हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये. २००२ ला झोन एक काढूनच टाकला आणि हा पट्टा झोन तीनमध्ये आला.

११ ऑक्टोबर २०२३

कॅटलॉग, म्हणजे आजवरच्या भूकंपांची यादी, गोळा करणं चालू आहे. आयएससी आणि आयएससी-जेम या आंतरराष्ट्रीय याद्या, एनसीएस म्हणजे आपल्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची, आणि जुन्या ऐतिहासिक याद्या. आज योगायोगानं तारीख तीच, ११ ऑक्टोबर १७३७ कोलकाता, तीन लाख मृत्यू, जगातल्या सगळ्यात भीषण भूकंपांच्या याद्यांमध्ये ही नोंद वर्षानुवर्षं छापली गेली. तो भूकंप नव्हताच. ते चक्रीवादळ होतं, नद्यांचं पाणी चढलं, जहाजं बुडाली, आणि तेव्हाच्या कोलकात्यात तीन लाख माणसं राहतही नव्हती. रॉजर बिल्हम यांनी १९९४ मध्ये जुनी कागदपत्रं लावून हे दाखवून दिलं. आपल्या एका सोर्स फाईलमध्ये ती ओळ मॅग्निट्यूडसकट अजून बसलेली आहे. काढली.

मग २६ मे १६१८ मुंबई बघितलं. तिथेही दोन हजार मृत्यू लिहिलेत आणि तेही वादळच असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. मुंबईच्या इतक्या जवळ मोठ्या मॅग्निट्यूडची एक ओळ राहू देणं किंवा काढणं यानं आजच्या दोन कोटी लोकांच्या शहराचा आकडा हलतो, म्हणून मी ती गुपचूप डिलीट केली नाही, 'संशयित' असा फ्लॅग लावून बाजूला ठेवली आणि का ठेवली ते शेजारच्या कॉलममध्ये लिहिलं.

शिलाँग १८९७ चं मॅग्निट्यूड जुन्या याद्यांत ८.७ आहे, आता ८.१ धरतात. आपण नवीन घेतलं. या भूकंपावर ओल्डहॅमचा १८९९ चा रिपोर्ट आहे, त्यात जमिनीवर पडलेले दगड वर उडाल्याच्या नोंदी आहेत. यंत्र जवळ नसताना माणसानं काय काय निरखून लिहून ठेवलं याचा तो नमुना आहे, तेजसला वाचायला दिला.

१९ ऑक्टोबर २०२३

आज पूर्ण दिवस एकाच गोष्टीत गेला पण जाऊ दे, सापडली हे महत्त्वाचं. दख्खनच्या झोनमध्ये (हा आपल्या मॉडेलमधला झोन, भूकंप सगळीकडे सारखेच होतात असा धरलेला भाग, कोडमधला नव्हे) सहाच्या वरचे भूकंप मोजले तर अपेक्षेपेक्षा जास्त येत होते. ओळी एकेक करून वाचल्या. कोयना १० डिसेंबर १९६७ आणि कोयना ११ डिसेंबर १९६७. किल्लारी २९ सप्टेंबर १९९३ आणि किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. कोयनेचा धक्का आपल्या घड्याळात पहाटे ४:२१ ला बसला, यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवशीचे रात्रीचे २२:५१. किल्लारी पहाटे ३:५६, यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे २२:२६. एका यादीत वेळ यूटीसीमध्ये, दुसरीत भारतीय वेळेत, आणि माझी डुप्लिकेट काढणारी स्क्रिप्ट दोन मिनिटं आणि ५० किमी इतकीच खिडकी बघत होती, साडेपाच तासांचा फरक तिच्या हाती लागणार कसा. महाराष्ट्रातले दोन सगळ्यात मोठे भूकंप, दोन्ही पहाटेचे, दोन्ही दुप्पट मोजले गेले. रेट थेट दुप्पट. नकाशावर ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं, उलट आकडा जास्त आला म्हणजे आपण सेफ साइडला आहोत असं वाटलं असतं.

आता मर्ज करायच्या आधी सगळं यूटीसीमध्ये आणायचं आणि बरोबर ५:३० तासांच्या अंतरावरच्या जोड्या वेगळ्या तपासायच्या. अशा अजूनही बऱ्याच निघाल्या, मुख्यतः ईशान्येकडच्या.

४ नोव्हेंबर २०२३

काल रात्री ११:३२ ला पश्चिम नेपाळमध्ये जाजरकोट भागात भूकंप झाला. दिल्लीतल्या मैत्रिणीचा लगेच मेसेज आला, पंखा हलतोय. सकाळपासून मृतांचा आकडा वाढतोय, दगडमातीची घरं, रात्रीची झोपेची वेळ, सगळं ओळखीचं आहे आणि वाचवत नाही.

कामाची बाजू लिहायला हवी. एनसीएसनं ६.४ दिलंय, अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेनं, यूएसजीएसनं, ५.७. ०.७ चा फरक ऐकायला छोटा, पण मॅग्निट्यूड एकनं वाढलं की ऊर्जा ३२ पट होते, त्या हिशेबात ०.७ म्हणजे सुमारे अकरा पट. कुणी चुकलेलं नाही, मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. लोकल मॅग्निट्यूड वेगळं, मोमेंट मॅग्निट्यूड वेगळं, बॉडी वेव्ह आणि सरफेस वेव्ह वेगळं. आपल्याला सगळं मोमेंटमध्ये आणायचंय, आणि मी आतापर्यंत जो एकच कन्व्हर्जन फॉर्म्युला सगळ्या देशाला लावत होते तो बदलते, हिमालयाचा वेगळा आणि द्वीपकल्पाचा वेगळा. जाजरकोटची ओळ मोमेंट ५.७ नं टाकली.

२३ नोव्हेंबर २०२३

कंप्लीटनेस, म्हणजे कॅटलॉग कुठल्या काळापासून पुरा धरायचा. भारतातलं पहिलं भूकंपमापक यंत्र अलीपूरला, कोलकात्यात, १८९८ च्या डिसेंबरमध्ये बसलं, मग कुलाबा आणि कोडाईकनाल. त्या यंत्रांना दूरचे मोठे भूकंप दिसायचे, मराठवाड्यातला साडेचारचा धक्का दिसायचं काही कारण नव्हतं. साठच्या दशकात जागतिक नेटवर्कची स्टेशनं आली, पुण्यातलं त्यातलंच, तेव्हापासून द्वीपकल्पातल्या छोट्या भूकंपांवर जरा तरी विश्वास ठेवता येतो. म्हणजे १९२० ते १९६० या काळात उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा इकडे कॅटलॉगमध्ये काही दिसत नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही, ऐकायला तिथे कुणी नव्हतं. हे गणितात घातलं नाही तर रेट फसवा कमी येतो. वायशर्टच्या पद्धतीनं प्रत्येक मॅग्निट्यूड बँडला वेगळा काळ देऊन केलं.

यातच कोयना. डिक्लस्टरिंगला, म्हणजे आफ्टरशॉक वेगळे काढायला, गार्डनर-नॉपॉफची खिडकी लावली, साडेसहाच्या भूकंपाला साधारण ६१ किमी आणि ७९० दिवस, त्याच्या आतले आफ्टरशॉक म्हणून बाहेर. पण कोयना ७९० दिवसांत थांबली कुठे? १९७३, १९८०, २०००, पाचच्या वरचे वीसेक आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि सगळे २० गुणिले ३० किमीच्या तुकड्यात. धरणात पाणी चढतं-उतरतं त्याच्याशी यांचा संबंध आहे, म्हणूनच तर तिथे गोठणे गावाजवळ तीन किमी खोल भोक पाडून अभ्यास चालू आहे. कोयना पूर्ण पश्चिम दख्खनच्या झोनमध्ये मिसळली तर तिथले धक्के सांगली-सोलापूरपासून नाशिकपर्यंत पसरवले जातात आणि ते खोटं आहे. म्हणून कोयना-वारणा वेगळा छोटा झोन केला. सरांनी आधी नको म्हटलं, इतके छोटे झोन करायला लागलो तर शेवट नाही, मग बी व्हॅल्यूचा (लहान आणि मोठ्या भूकंपांच्या प्रमाणाचा) प्लॉट दोन्ही प्रकारे काढून दाखवला तेव्हा हो म्हणाले.

१५ डिसेंबर २०२३

हिमालयाचे झोन झाले. तिथे निदान काय चाललंय ते माहीत आहे, भारताची प्लेट वर्षाला साधारण १८ मिमी या वेगानं हिमालयाच्या खाली दबतेय आणि मेन हिमालयन थ्रस्ट, म्हणजे दोन्हींमधला मोठा भ्रंश, अडकलेला आहे. १९०५ कांगडा आणि १९३४ बिहार-नेपाळ यांच्या मधला पट्टा हा खरा घोर. १५०५ चा मोठा भूकंप शेवटचा धरला तर ५०० वर्षं गुणिले १८ मिमी म्हणजे नऊ मीटर सरकणं साठलंय, १८०३ च्या गढवालच्या भूकंपानं त्यातलं किती मोकळं केलं यावर वाद आहे. लॉजिक ट्रीमध्ये, म्हणजे पर्यायी मतांना वजनं देऊन एकत्र करायच्या झाडात, दोन्ही फांद्या ठेवल्या. अंदमानला २००४ नंतर वेगळा सबडक्शन (एक प्लेट दुसरीखाली जाते तो) सोर्स दिलाय, १३०० किमीची चीर तेव्हा फाटली होती. कच्छही वेगळं. या सगळ्यात द्वीपकल्पापेक्षा कमी वेळ गेला.

९ जानेवारी २०२४

ॲटेन्युएशन, म्हणजे भूकंपापासून लांब जाऊ तसा हादरा किती कमी होतो त्याची समीकरणं. इथे मी सगळ्यात जास्त अडखळते कारण इथे आपल्याकडे डेटा नाही. किल्लारीच्या मुख्य धक्क्याची जवळची एकही ॲक्सिलरोग्राफ (जोराचा हादरा मोजणाऱ्या यंत्राची) नोंद नाही. झोन एक, तिथे यंत्र कोण बसवणार. कोयनेची आहे कारण धरण होतं, धरणातल्याच यंत्रावर ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नोंदलं गेलं. मराठवाड्यात जमीन किती हादरली हे आज आपण पडलेल्या भिंतींवरून उलटं काढतो.

मग द्वीपकल्पाला तीन समीकरणं, एक रघुकांत-अय्यंगार २००७, जे द्वीपकल्पासाठीच केलेलं आहे, आणि दोन उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, कारण तिथलंही भूकवच जुनं, थंड, कडक. कडक खडकात लाट लवकर मरत नाही. भूजच्या वेळी, २६ जानेवारी २००१, अहमदाबाद अडीचशे किमीच्या आसपास लांब, तरी तिथल्या सत्तरेक बहुमजली इमारती कोसळल्या. काही दोष खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या मजल्यांचा, काही नदीच्या गाळाचा, पण इतक्या लांब एवढा जोर पोचला हेही आहेच.

एक घोळ वेळेत पकडला. ही समीकरणं अतिकठीण खडकासाठी आहेत आणि हिमालयाची आपण ७६० मीटर प्रति सेकंदाच्या (लाटेचा खडकातला वेग) खडकासाठी चालवतोय, दोन्ही एकाच नकाशावर तसंच छापलं तर सीमेवर पायरी दिसते आणि ती पायरी निसर्गातली नाही. सगळं ७६० वर आणलं.

तेजसला सिग्मा, म्हणजे समीकरणाच्या आकड्याभोवतीचा विखुरलेपणा, समजावताना मला स्वतःलाच ते नव्यानं जाणवलं. समीकरण जो आकडा देतं तो मधला, प्रत्यक्षात एक सिग्मा वर गेलं की हादरा जवळपास दुप्पट. म्हणजे एकाच भूकंपात, एकाच अंतरावर, एका गावात जेवढं हादरलं त्याच्या दुप्पट शेजारच्या गावात हादरू शकतं आणि त्यात आश्चर्य वाटून घेण्यासारखं काही नाही.

२ फेब्रुवारी २०२४

पहिला पूर्ण रन. समीकरणं द्वीपकल्प ३, हिमालय ३, सबडक्शन २, स्लॅब (खाली गेलेल्या प्लेटच्या आतले भूकंप) २, आणि सोर्स मॉडेल २, एकूण ७२ वाटा. रात्री साडेतीनला मेमरी संपून पडला. देश चार तुकड्यांत करून परत लावलाय.

५ फेब्रुवारी २०२४

झाला. ईशान्य आणि हिमालय जसे यायला हवेत तसे आले. किल्लारीचा चौकोन: स्मूद्ड सिस्मिसिटीच्या (मागचे भूकंप जिथे झाले त्याच्या आजूबाजूलाच पसरवायचे) फांदीत मोठा आकडा, एरिया झोनच्या (पूर्ण झोनभर सारखे वाटायचे) फांदीत त्याच्या निम्म्याहून कमी.

१८ फेब्रुवारी २०२४

याच्यासाठी मी हे काम हातात घेतलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅटलॉग १९९२ च्या डिसेंबरवर कापला. म्हणजे मी १९९३ च्या जानेवारीत बसलेय, आजची समीकरणं, आजचं इंजिन, पण माहिती तेव्हाची. स्मूदिंग ५० किमी. रन लावला आणि किल्लारीचा चौकोन आजूबाजूच्या शंभर चौकोनांसारखाच निघाला, फिका, वेगळं काहीच नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीत चारच्या आसपासचे धक्के बसले होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, मामा सांगतात जमिनीतून गुडगुड आवाज यायचा. आपला कटऑफ साडेचार. गाव वर्षभर जे ऐकत होतं ते आपल्या फाईलमध्ये येतच नाही. आणि कटऑफ खाली आणून ते घेतलं तरी आकडा थोडाच हलतो, तेही करून बघितलं.

मग कागदावर साधं गणित केलं. कच्छ सोडून द्वीपकल्पात १९०० पासून सहा किंवा वरचे भूकंप: कोइमतूर १९००, सोन खोरं १९२७, सातपुडा १९३८, कोयना १९६७, किल्लारी १९९३. पाच, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एक. द्वीपकल्प ढोबळमानानं सोळा लाख चौरस किमी धरला. एखाद्या गावाभोवती २० किमीचं वर्तुळ काढलं तर ते साधारण १२५७ चौरस किमी, म्हणजे पूर्ण क्षेत्राचा तेराशेवा हिस्सा. म्हणजे त्या एका गावाच्या इतक्या जवळ असा भूकंप साधारण बत्तीस हजार वर्षांतून एकदा. बत्तीस हजारांतून एकदा होणारी गोष्ट ४७५ वर्षांच्या नकाशात दिसणारच नाही, कितीही चांगलं मॉडेल करा, २४७५ मध्येही जेमतेम. १९९३ चा नकाशा ज्यांनी केला त्यांच्यावर मी इतकी वर्षं मनातून रागावलेली होते. आज हे गणित हातानं करून बघितल्यावर तो राग कुठे ठेवायचा कळेना, संध्याकाळी बराच वेळ नुसती बसून होते.

पण हेच गणित दुसऱ्या बाजूनं. पंचवीस वर्षांत एक म्हणजे पन्नास वर्षांत सरासरी दोन. पुढच्या पन्नास वर्षांत द्वीपकल्पात कुठेतरी असा किमान एक भूकंप व्हायची शक्यता ८६ टक्के. कुठे ते माहीत नाही, आणि बहुतेक जिथे आधी झाला तिथे नाही. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला १९८८ मध्ये एका दिवसात सहाच्या वरचे तीन भूकंप झाले, तिथेही आधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. असल्या जुन्या शांत कवचात हे असंच चालतं.

दोन्ही आकडे एकाच डेटामधून आलेत आणि दोन्ही खरे आहेत. आपला नकाशा फक्त पहिला दाखवतो.

लॉजिक ट्रीच्या या दोन फांद्यांच्या वजनाबद्दल सरांशी बोलले. स्मूद्ड सिस्मिसिटी म्हणते पुढचा भूकंप मागच्याच्या शेजारी. हिमालयात चालेल, द्वीपकल्पात मला पटत नाही. एरिया झोनला ०.७ आणि स्मूद्डला ०.३ असं ठरलं. यानं किल्लारीचा आकडा उतरला आणि अमरावती, बल्लारी, नागपूर यांचा थोडा चढला. स्वतःच्या हातानं किल्लारी खाली आणली, पण बरोबर तेच आहे.

२१ मार्च २०२४

सकाळी ६:०८ ला हिंगोलीत ४.५, दहाएक मिनिटांनी ३.६. नांदेडच्या मावशीचा फोन, भांडी वाजली, सगळे खाली उतरले. किल्लारीपासून पावणेदोनशे-दोनशे किमी. तेजस धावत आला, मॅडम आपल्या झोनमध्ये झाला. झोनमध्ये झाला म्हणजे आपण बरोबर ठरलो असं होत नाही हे त्याला सांगितलं, झोन एवढा मोठा आहे की त्यात काहीतरी होणारच. कॅटलॉग ३१ डिसेंबर २०२३ ला फ्रीझ केलाय, ही ओळ घ्यायची नाही. मोह झाला होता.

६ एप्रिल २०२४

साइट नकाशा, म्हणजे कुठली जमीन कडक आणि कुठली मऊ. सोपी पद्धत म्हणजे जमिनीच्या उतारावरून व्हीएस३०, म्हणजे वरच्या ३० मीटरमधला लाटेचा वेग, काढायचं, वॉल्ड-ॲलन २००७, डोंगर म्हणजे कडक आणि सपाट म्हणजे मऊ. गंगेच्या मैदानात ठीक चालतं, तिथे खरंच खोल गाळ आहे. पण दख्खनवर साफ फसतं. लातूरचं पठार सपाट दिसतं म्हणून पद्धत म्हणते मऊ माती, लाट मोठी होणार. औशाच्या आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा मी वर उभी राहून बघितलंय, वर हातभर-दोन हात काळी माती, मग पिवळट मुरूम, मग काळा पाषाण की सुरुंग लावल्याशिवाय निघत नव्हता. किल्लारीला बेसॉल्टच तीनशे मीटरच्या वर जाड आहे. सपाट आहे कारण लाव्हा सपाट पसरला, गाळ साठला म्हणून नव्हे. डेक्कन ट्रॅपची सीमा भूशास्त्रीय नकाशावरून घेऊन आत उताराची पद्धत बंद केली आणि खडकाच्या प्रकारावरून आकडे दिले. नदीकाठचे गाळाचे पट्टे, तेरणा, मांजरा, गोदावरी, ते हातानं आखले. तीन दिवस गेले, डोळे दुखतायत, पण हा भाग आपल्या नकाशात चांगला झालाय असं मला वाटतं.

१२ मे २०२४

सुट्टीला सास्तूरला गेले. ए-थ्री प्रिंट सोबत नेली होती, ड्राफ्ट, ४७५ वर्षांचा नकाशा, हिरवा-पिवळा-केशरी-लाल. ओसरीत चटईवर पसरली. मामांनी चष्मा लावला, लातूर शोधलं, बोट ठेवलं.

"आपलं तं हिरव्यात हाय की."

मी म्हटलं मामा, हिरवं म्हणजे कमी, नाही असं नाही.

"ते खरं. पण हिरव्यात हाय म्हणल्यावर बरं वाटलं बग माय."

मग मागं नेऊन दाखवलं, पुनर्वसनाच्या घराला लागून एक खोली काढायचं चाललंय, धाकट्याचं लग्न ठरलंय. पाया काढून झालाय, भिंत गुडघ्याएवढी आली होती. दगड जुन्या गावातून ट्रॅक्टरनं आणलेला, तोच काळा दगड. पट्टा कुठे घालणार विचारलं तर म्हणाले मिस्त्री म्हणतोय या भागात आता गरज न्हाई. मी नकाशाची गुंडाळी हातात धरून उभी होते. म्हणजे उद्या हा मिस्त्री माझाच नकाशा दाखवून हेच बोलू शकतो.

दुपारी मिस्त्रीला बोलावलं. सज्जन माणूस, साठीचा, १९९३ ला स्वतः माणसं काढलेला. त्याच्याशी ४७५ वर्षांचं काही बोलले नाही. पायाच्या वर एक, खिडकीच्या खाली एक आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावर एक, चारी भिंतींतून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आणि कोपऱ्यात उभी सळई, एवढंच काढून दाखवलं. आणि दगड मातीत नको, सिमेंटच्या मसाल्यात, दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. तो म्हणाला हे तर भूकंपानंतर शिकवलं होतं आम्हाला, लोकच आता पैसे देत नाहीत. मामा म्हणाले किती जास्तीचे लागतील ते सांग. तिथेच हिशोब केला.

२९ मे २०२४

लेजंडवरून, म्हणजे नकाशाच्या रंगांच्या सूचीवरून, सरांशी मोठी चर्चा झाली, दोन तास. माझं म्हणणं, हिरवा रंग नको. त्यांचं म्हणणं, आकडा कमी आहे तर कमी दाखवायचा, किमान किती मजबूत बांधायचं हे ठरवणं बांधकामाच्या कोडचं काम आहे, नकाशानं भीती घालायची नाही. मला त्यांचं पटतं. आकड्यांना मी हात लावणार नाही, किल्लारीसाठी एकही आकडा मुद्दाम वर नेलेला नाही आणि नेणार नाही. पण रंग हा आकडा नाही, ते बोलणं आहे, आणि आपण काय बोलतोय ते समोरच्याला काय ऐकू येतं त्यावर ठरतं.

शेवटी ठरलं ते असं. एकाच रंगाच्या छटा, फिक्या मातकट रंगापासून गडद तपकिरीपर्यंत. पांढरं काहीच ठेवायचं नाही, पांढरं फक्त समुद्र आणि सीमेपलीकडे. सगळ्यात खालच्या छटेला 'कमी' हा शब्द काढून फक्त आकड्यांची रेंज. आणि त्याच पानावर, त्याच आकाराचा दुसरा नकाशा, पूर्ण द्वीपकल्प एकाच रंगात आणि वर लिहिलेलं: या भागात कुठेतरी ५० वर्षांत सहा किंवा मोठ्या भूकंपाची शक्यता ८६ टक्के, जागा सांगता येत नाही. खाली ते पाच भूकंप वर्षांसकट. दुसरा नकाशा मागच्या पानावर घेऊ असं सर म्हणत होते, मी पहिल्याच पानासाठी अडून बसले आणि ते मानले.

१७ जून २०२४

फायनल रन संपला. ७२ वाटांच्या उत्तरांचे मीन, मीडियन, १६ आणि ८४ पर्सेंटाइल. ८४ आणि १६ मधलं गुणोत्तर द्वीपकल्पात सगळ्यात जास्त, हिमालयात कमी, म्हणजे जिथे आकडा लहान तिथेच आपल्याला सगळ्यात कमी कळतं. हाही नकाशा जोडपत्रात दिलाय. इनपुट फाईल, झोन, वजनं, संशयित फ्लॅगची यादी, सगळं सोबत पॅक केलं, म्हणजे पुढच्याला आपलं काम उलगडून बघता येईल आणि चुका काढता येतील.

१० जुलै २०२४

सकाळी ७:१४ ला परत हिंगोली, ४.५. या वेळी परभणी, नांदेड सगळीकडे जाणवला. मामांचा फोन आला, तिकडं काही नाही, खोलीचा स्लॅब गेल्या आठवड्यात झाला, वरच्या पट्ट्याचे फोटो पाठवतो म्हणाले आणि पाठवले. एका कोपऱ्यात सळई बाहेर दिसतेय, ती झाकायला सांगितलंय.

पुढच्या आवृत्तीची फाईल आज उघडली. मार्चच्या दोन ओळी टाकल्या, मग आजची. वेळेच्या कॉलमला आता मी लॉक केलंय, भारतीय वेळ टाकली तर घेतच नाही. २०२४-०७-१०, ०१:४४ यूटीसी, ४.५, हिंगोली.